उसने डोळे

गोसावीबाई समोरच्याकडे बघायला लागल्या की तो आधी शर्टाची बटणं तपासायचा, मग तोंडावरून हात फिरवायचा. चेहऱ्याला काहीतरी लागलंय अशी त्याची खात्रीच पटायची. बाई मात्र एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून त्याचं कपाळ मोजत असायच्या. स्टाफरूममध्ये, एसटीत, कुणाच्या दहाव्याला, कुठेही. मी शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावर असा अंगठा रोखला आणि म्हणाल्या, "सर, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. चष्मा वाकडा बसत असेल ना?" चष्मा वाकडा बसायचा खरा, पण मी तोवर चष्मेवाल्याला शिव्या देत होतो. आजही आरशासमोर उभा राहिलो की मी आधी कान बघतो.

पुण्याजवळच्या कोळवण खोऱ्यातल्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी मराठी. मी साताऱ्याकडचा, त्या इथल्याच, जवळच्या रिहे गावच्या. शिक्षण पुण्यात झालेलं, त्यामुळे स्टाफरूममध्ये पुस्तकी मराठी आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की "कुटं निगालीस गं" सुरू. दोन्ही भाषा त्या सारख्याच फटकळपणे बोलायच्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर "एकाचंही नाक धड नव्हतं" म्हणून विषय मिटवायच्या. उंच, काटक बाई. पदर कायम खोचलेला आणि उजव्या हाताच्या चिमटीला कुठला ना कुठला रंग. डब्यातल्या पोळीवर निळा डाग दिसला तरी त्या ती बिनदिक्कत खायच्या, आणि आपण बघतोय हे लक्षात आलं तर अर्धी पुढे करायच्या.

खोऱ्यात त्यांचं नाव होतं ते रांगोळीसाठी. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी नाही, माणसांच्या. जमिनीवर चटईएवढा चेहरा काढायच्या. शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाचा सत्कार असो, कुणाची पंचाहत्तरी असो, बाईंना बोलावणं ठरलेलं. रंग घरी कालवलेले, जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळलेले. काम सुरू झालं की चहा नाही, पाणी नाही, बोलणं नाही. डोळे सगळ्यांत शेवटी. आधी डोळे काढले की तो माणूस आपल्याकडे बघत बसतो आणि मग काही सुचत नाही, असं त्या म्हणायच्या. कार्यक्रम आटोपला की त्याच केरसुणी मागवून घ्यायच्या. जिनं काढली तिनंच पुसायची, दुसऱ्यानं पुसली तर ते तुडवल्यासारखं दिसतं, हा त्यांचा नियम. पुसल्यावर सगळे रंग मिसळून राखाडी भुकटी व्हायची, ती पिशवीत भरून घरी न्यायच्या आणि दारच्या जास्वंदीच्या बुडात घालायच्या. आजवर या जास्वंदीला किती सरपंच खायला घातलेत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "म्हणूनच मेली फुलत नाही."

आणि खोटं काढायच्या नाहीत. एकदा शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब शाळेत येणार होते. मुख्याध्यापकांनी बाईंना रांगोळी काढायला सांगितली. साहेबांच्या नाकाच्या शेंड्यावर चांगला हरभऱ्याएवढा मस होता आणि बाईंनी तो असा काही काढला की आधी नजर तिथेच जायची. मुख्याध्यापकांना घाम फुटला. एवढा मस तरी काढून टाका, ते अगदी हात जोडून म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, मग त्यात साहेब कुठे उरले? साहेब आले, उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि जाताना म्हणाले की आमच्या आईनंतर आमच्याकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी तेव्हा कुठे श्वास सोडला. मस काढणारी ही बाई एकदाच खोटं वागली, आणि ते किशोरच्या वेळी.

किशोर आमचाच विद्यार्थी. मला तो आठवीपासून होता, बाईंना पाचवीपासून. हडकुळा, भित्रा, खोटं बोलताना आधीच रडायला लागणारा. डोळे बारीक आणि डावा डोळा नाकाकडे वळलेला. पोरं त्याला चकण्या म्हणायची. त्याच्या बाकावर भरत बसायचा, तो अंगानं दांडगा. चकण्या म्हणणाऱ्याला भरत मधल्या सुट्टीत धरून बदडायचा, आणि मग वर्गशिक्षक दोघांनाही ओणवं उभं करायचे. दोघांना चित्रकला अजिबात येत नसे. किशोर प्रत्येक चित्रात घरच काढायचा आणि घराला दार विसरायचा. बाई त्यात लाल खडूनं दार काढून द्यायच्या.

मग खोऱ्यातल्या जमिनींना भाव आला. शहरातली माणसं फार्महाऊससाठी जागा बघत हिंडायला लागली आणि त्यांना जागा दाखवणारी, कुंपण घालून देणारी, सही न करणाऱ्या चुलत्याला घरी जाऊन समजावणारी पोरं लागू लागली. किशोर आणि भरत त्या कामाला लागले. पांढरे शर्ट आले, जीप आली. पहिली कमाई हातात आल्यावर किशोरनं सगळ्यांत आधी काय घेतलं असेल तर काळा गॉगल. तो त्यानं परत कधी उतरवलाच नाही. घरात, देवळात, लग्नात, तिन्हीसांजेला, कायम गॉगल. लोकांना ती ऐट वाटायची. बाई एकदा एसटी स्टँडवर त्याला म्हणाल्या, काढ की रे तो, मला तुझं तोंड बघू दे. तो हसला, पाया पडला आणि गॉगल न काढताच गेला.

दोघा मित्रांचं पुढे एका ओढ्याकाठच्या जागेवरून फाटलं. कुणी कुणाला फसवलं हे मला माहीत नाही, विचारायची सोयही नव्हती. एका दुपारी रस्त्यावरच्या हॉटेलात जेवताना भरत आणि आणखी दोघांनी किशोरला कोयत्यानं ठार मारलं. आम्हाला शाळेत चौथ्या तासाला कळलं. बाई आठवीच्या वर्गावर होत्या. त्यांनी तास पूर्ण केला, बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून म्हणाल्या, "एकाच बाकावरचे हो, सर." 

किशोरच्या वर्षश्राद्धाला त्याच्या मित्रमंडळींनी अंगणात मोठा मांडव घातला. त्यांना रांगोळी हवी होती. बाईंनी त्या पोरांना सरळ नाही म्हटलं होतं. मग किशोरची आई, अनुसयावहिनी, स्वतः बाईंच्या दारात आल्या. वहिनींना नवरा नव्हता. पदरात आता एकच, धाकटा ओंकार. त्या दारात बसून राहिल्या आणि बाईंना नाही म्हणता आलं नाही.

त्या दिवशी मी तिथे होतो. कपाळ झालं, नाक झालं, मिशी झाली, गळ्यातली चेन झाली. मग बाई थांबल्या. घरातला प्रत्येक फोटो गॉगलवाला. शाळेतला एक फोटो होता, पण त्यात पन्नास पोरं आणि किशोर मागच्या रांगेत, मोहरीएवढा. किशोरला भाऊ म्हणणारी ती पोरं म्हणाली, डोळ्यांवर गॉगलच काढा, भाऊ तसाच शोभतो. पण वहिनींना ते नको होतं. मरून वर्ष झालं तरी पोराचं तोंड झाकलेलंच बघायचं का, असं त्यांचं म्हणणं. त्या आत गेल्या आणि ओंकारच्या दंडाला धरून त्याला घेऊन आल्या. तो तेव्हा सहावीत. त्यांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "ह्याचं डोळं घ्या, बाई. दोगं भाऊ सारकंच हायेत."

ओंकारचे डोळे मोठे, सरळ, पाणीदार. अशा डोळ्यांचं पोर वर्गात पहिल्या बाकावर बसलं की शिकवायला हुरूप येतो. बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. अंगठा वर केला. पोरगं बिचारं हलू नये म्हणून श्वास रोखून बसलं होतं. मध्येच माशी नाकावर बसली तरी त्यानं हात उचलला नाही. आणि बाईंनी थोरल्या भावाच्या चेहऱ्यात धाकट्याचे डोळे भरले.

चित्र झालं. तो किशोर नव्हता. किशोर असायला हवा होता असा कुणीतरी देखणा, निर्भय माणूस जमिनीतून वर बघत होता. बायका रडायला लागल्या. मग पांढऱ्या शर्टातली पोरं रांगोळीभोवती उभी राहिली, वाकून तिच्या कडेला हात लावला आणि एकेकानं शपथ घेतली. कसली ते मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. त्यांतल्या एकानं ओंकारला उचलून चित्राच्या डोक्यापाशी उभं केलं आणि म्हणाला, "डोळं बघा. भाऊच उभा हाय." सगळ्यांनी आधी खाली बघितलं, मग ओंकारकडे बघितलं. ते पोर त्या नजरांखाली आधी कावरंबावरं झालं आणि मग हळूहळू ताठ उभं राहिलं.

बाईंनी केरसुणी मागितली तर वहिनी आडव्या आल्या. "ऱ्हाऊ द्या, बाई. दोन दिस तरी ऱ्हाऊ द्या." बाई न पुसता निघाल्या. रस्त्यात मी काहीबाही बोलत होतो, त्या ऐकत नव्हत्या. त्यांच्या खोलीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "आईच म्हणते सारखे, मग मी कोण नाही म्हणणार?" 

दोन दिवसांत कुणीतरी शिडीवर चढून त्या रांगोळीचा फोटो काढला. त्याचा फ्लेक्स झाला. मग तोच चेहरा जीपच्या मागच्या काचेवर आला, गणेश मंडळाच्या कमानीवर आला, पोरांच्या मोबाईलवर आला. गॉगलवाले फोटो दिसेनासे झाले. बघता बघता खोऱ्यात किशोरला तोच चेहरा मिळाला. नवीन शिक्षक तर विचारायचे, काय देखणा पोरगा होता हो. ओंकार रस्त्यानं चालला की म्हातारी माणसं थांबून म्हणायची, थेट भाऊचं डोळं. एवढ्याशा पोराला चहावाला चहाचे पैसे मागायचा नाही.

बाई दरवर्षी नववीच्या वर्गाला चित्रं काढायला ओढ्यापलीकडच्या महादेवाच्या देवळात न्यायच्या. तिथे पिंपळाखाली एक वीरगळ आहे, लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला जुना दगड. त्यावर एकावर एक तीन चौकटी कोरलेल्या. सगळ्यांत खाली माणूस मरून पडलाय, बाजूला गाई. मधल्या चौकटीत तो लढतोय. वरच्या चौकटीत तो स्वर्गात महादेवापुढे हात जोडून बसलाय. ओंकार नववीत गेला त्या वर्षी मोकळा तास होता म्हणून मीही गेलो. पोरं दगडाचे कोपरे काढायला बसली. बाईंनी त्यांना विचारलं, कुंकू कुठे लावलंय बघा. कुंकू, फूल, सगळं वरच्या चौकटीला. खालच्या मेलेल्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"गाई सोडवताना मेला असं सांगितलं असेल पाथरवटाला," बाई म्हणाल्या. "पळवताना मेला असेल तरी दगड हाच झाला असता. आणि ह्याची बायको, आई, कुठं आहे? जागा नव्हती असं नाही. कोरून घेणाऱ्यांना नको होती." पोरांना यातलं फारसं कळलं नाही. ती खोडरबरासाठी भांडत होती. ओंकार मात्र उठून दगडापाशी गेला आणि वरच्या चौकटीतल्या माणसावरून बोट फिरवून ते कपाळाला लावलं. बाईंनी ते बघितलं. परत येताना बांधावरून चालता चालता त्या मला म्हणाल्या की आम्हा चित्रं काढणाऱ्यांचा पिढ्यान् पिढ्या हाच धंदा आहे, कुणीतरी कुणालातरी मारायचं आणि आम्ही पडलेल्याला उचलून वरच्या चौकटीत बसवायचं, म्हणजे पुढच्याला तिथे जावंसं वाटतं. मी म्हटलं, बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे शेतातल्या इंद्रायणी भाताबद्दल बोलायला लागलो.

काही वर्षांनी साक्षीदार फिरले आणि भरत सुटून आला. लोकांना वाटलं आता पुन्हा त्याची जीप खोऱ्यात फिरणार. पण भरतनं चार म्हशी घेतल्या आणि गप्प पडला. सकाळी डेअरीवर दूध घालायचा आणि मान खाली घालून परत यायचा. तुरुंगात त्याचे केस पार गेले होते. बाईंना पाहिलं की तो दुधाची किटली खाली ठेवून उभा राहायचा.  बाई एकदा मला म्हणाल्या, याला आता कुणी हात लावू नये बघा.

ओंकार बारावीला नापास झाला आणि त्यानं शिक्षण सोडलं. पांढरा शर्ट, फ्लेक्सवर आहे तसा भांग, फ्लेक्सवर आहे तशी मिशी. गॉगल तेवढा नाही. डोळे हीच तर त्याची ओळख होती. त्याला आता सगळे भाऊ म्हणायचे आणि सगळे त्याच्याकडे एका गोष्टीची वाट बघत असल्यासारखे बघायचे. बाईंनी त्याला निरोपावर निरोप पाठवून शाळेत बोलावून घेतलं. मी चित्रकलेच्या वर्गात पेपर तपासत बसलो होतो. उठायला लागलो तर बाईंनी हातानंच बस म्हटलं.

"ते डोळे तुझे आहेत, ओंकार," बाई म्हणाल्या. "दादाचे नव्हते तसे. तो चकणा होता. भित्रा होता. गॉगल त्यासाठीच घालायचा."

ओंकार हसला. अगदी आदरानं हसला. "बाई, मला दादा आठवतो."

"काय आठवतं?"

 तो सांगायला लागला. दादा कसा मान जरा वर करून बघायचा, ओठाच्या एका बाजूनं कसा हसायचा, त्याच्या डोळ्यांत बघितलं की भीती कशी पळून जायची. तो एकेक गोष्ट सांगत होता आणि मला दिसत होता तो मांडव, ती प्लास्टिकची खुर्ची आणि बाईंची चिमूट. त्याला आठवत होती ती रांगोळी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तो पाया पडून गेला. बाई टेबलावरचे रंगाचे डबे उगाच इकडचे तिकडे ठेवत राहिल्या आणि मी तोच पेपर पुन्हा तपासला.

त्या वर्षीच्या पुण्यस्मरणाला बाई न बोलावता स्वतः वहिनींकडे गेल्या आणि म्हणाल्या, या वेळी मी काढते. वहिनींना बरं वाटलं. मित्रमंडळींनाही. मला त्या म्हणाल्या, सर, तुम्ही या, पिशवी धरायला कुणीतरी हवं.

मी पिशवी धरून बसलो. कपाळ, नाक, मिशी, सगळं पूर्वीसारखंच. पोरं मागे उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होती. मग डोळे आले. बाईंनी समोर कुणाला बसवलं नाही, कुठला फोटो धरला नाही. बारीक डोळे काढले. डावा नाकाकडे वळवला. दोन्हीत किंचित पाणी भरलं, शिक्षा व्हायच्या आधीच भरायचं तसं. आठवीतलं ते पोर इतक्या वर्षांनी माझ्यासमोर होतं.

मागे कुजबुज सुरू झाली. अनुसयावहिनी आतून आल्या, बघितलं, आणि उभ्या होत्या तिथे खाली बसल्या. हात पुढे करून त्या रांगोळीतल्या डाव्या डोळ्याच्या वर, न टेकवता, फिरवत राहिल्या. "माजा किशा," त्या म्हणाल्या. "हाच माजा किशा." वर्षानुवर्षं त्या फ्लेक्सला हार घालत होत्या, पण त्यांचं पोर त्यांना त्या दिवशी दिसलं.

पोरांचं मात्र पित्त खवळलं. भाऊला चकणा केला, बाईला कुणी पैसे चारले, भरतनं चारले का, असं एकेक सुरू झालं. ओंकार पुढे आला. तो चित्राकडे बघत राहिला, बराच वेळ. त्याचा चेहरा क्षणभर पुन्हा सहावीतल्यासारखा झाला आणि मला वाटलं, आता हा आईशेजारी बसेल. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या जराशा सरकल्या, त्याला जागा करून दिल्यासारख्या. पण मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आईला आत न्या." ओंकारनं आईला दंडाला धरून उठवलं, तिला पायरीपर्यंत पोचवलं, परत आला आणि बुटाच्या टोकानं चित्रातले डोळे पुसले. फक्त डोळे. मग पोरांनी जुना फ्लेक्स आणून त्या रांगोळीवर अंथरला आणि त्याला हार घातला.

माणसं जेवून गेल्यावर बाईंनी फ्लेक्स बाजूला करवून घेतला आणि उरलेला चेहरा पुसला. भुकटी पिशवीत भरली, मी ती त्यांच्या दारापर्यंत नेली. जास्वंदीपाशी त्या थांबल्या, पण ओतली नाही. पिशवी दारामागे ठेवून दिली. पुढे कितीतरी दिवस ती तिथेच दिसायची.

त्या पावसाळ्यात, डेअरीवरून परत येताना, भरतचा खून झाला. किटली रस्त्यात आडवी पडलेली होती म्हणतात. ओंकार फरार झाला.

भरतच्या दहाव्याच्या आधी त्याचे वडील बाईंकडे आले. मी तिथे होतो, आम्ही दोघं आता एकमेकांना सोडून फारसे राहत नव्हतो. म्हातारा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "तुमी त्याला बी शिकवलंय," तो म्हणाला. "आमच्यात बी पोरं म्हणत्यात, रांगुळी पायजे." बाईंनी आपले हात त्याच्यापुढे धरले.  आता हे चालत नाहीत, असं त्या म्हणाल्या. त्याला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. शेवटी पुण्याहून कुणीतरी चित्रकार आणला. फार हुबेहूब काढली, लोक सांगत होते, भरत बोलेल असं वाटतं. बाईंनी मला एवढंच विचारलं, "केस घातले का हो त्याला?" मी चौकशी केली. केस घातले होते. भरघोस.

ओंकारला कोकणाच्या बाजूला पकडलं आणि तालुक्याच्या, पौडच्या कोर्टात आणणार असं कळलं. मी जायचं टाळत होतो. बाई सकाळीच माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग काय, गेलो. कोर्टाच्या आवारात गर्दी होती, बंदोबस्त होता. अनुसयावहिनी कुंपणापाशी एकट्या उभ्या होत्या. हातात कापडात बांधलेला डबा, तो पोलीस आत देऊ देत नव्हते. वर्षभरापूर्वी ज्यांनी भाऊ भाऊ केलं त्यांतलं एकही पोर तिथे दिसलं नाही.

गाडी आली. ओळख परेड व्हायची होती म्हणून आरोपींच्या तोंडावर काळी फडकी बांधली होती. नाक नाही, तोंड नाही, कपाळ नाही, नुसते डोळे उघडे. तिघं उतरले. पोरं सारख्याच अंगाची, सारख्याच कपड्यातली, मला ओळखता येईना. वहिनींनी मात्र हाक मारली, "ओम्या." मधल्यानं वळून बघितलं.

बाईंचा अंगठा आपोआप वर गेला. एक डोळा मिटला. तो आईकडे बघत होता, आणि आम्ही त्याच्याकडे. ते मोठे, सरळ डोळे आक्रसून बारीक झाले होते. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं, आणि कुणी काही म्हणायच्या आधीच त्यांत पाणी भरलं होतं. शिपायानं त्याला पुढे ढकललं. बाईंनी अंगठा खाली घेतला.

"आता सारखे झाले, सर," त्या म्हणाल्या. "तेव्हा नव्हते."

त्यानंतर बाई निवृत्त झाल्या, रिह्याला राहायला गेल्या, आणि मी त्यांना कितीदा तरी भेटलो. पण डोळ्यांपुढे येतात त्या तिथल्याच. मी फाटकापाशी उभा आहे. बाई हळूहळू चालत कुंपणाकडे गेल्या, वहिनींच्या हातातला डबा आपल्या हातात घेतला आणि दोघी तिथेच भिंतीच्या सावलीला जमिनीवर बसल्या.  कोर्टाचं दार कधी उघडतंय याची वाट बघत बसून राहिल्या.